तासिकमलायाचा सुहेंदर

१

कापडावरचं शेवटचं नाव कुणीतरी कापून नेलं होतं.

कापड साधं, पांढरं, सुती, दोन हात लांब. त्यावर काळ्या दोऱ्यानं शिवलेली सात नावं. पश्चिम जावातल्या एका गावच्या सिलातची, म्हणजे तिथल्या मर्दानी खेळाची, ती गुरुपरंपरा. सगळ्यात खाली सातवं नाव आमच्या गुरूंचं, ओदिह सुहेंदर. तोक्योतल्या निशी-कसाईच्या क्रीडाकेंद्रात दर रविवारी दुपारी वर्ग भरतो. आधी डब्यातून हे कापड काढायचं, भिंतीला लावायचं आणि मग अंग मोकळं करायचं, असा आमचा शिरस्ता. त्या रविवारी यामिनीनं कापड उलगडलं, तर सहा नावं होती आणि खाली एक चौकोनी भोक. भोकाच्या कडा पट्टी धरून कापल्यासारख्या सरळ होत्या.

पाक ओदिह पुढे आले. ‘पाक’ म्हणजे आपल्याकडचं ‘बाबा’. वय शहात्तर, अंगानं काटकुळे, पण उभे राहिले की हलवून दाखवा. त्यांनी त्या भोकावर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग नेहमीसारखा दीड तास वर्ग घेतला. एकदाही आवाज चढला नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मी शैलजा. वय चोपन्न, गुडघे त्याहून म्हातारे. नवऱ्याच्या, प्रकाशच्या, नोकरीपायी पुण्याहून इथे आले, त्याला चौदा वर्षं झाली. आता वॉर्ड ऑफिसात परदेशी लोकांना फॉर्म भरून द्यायचं काम करते. सिलातमध्ये मी कच्चं लिंबू. गुडघ्यांसाठी येते आणि मागच्या रांगेत उभी राहते. मागून सगळ्यांच्या पाठी दिसतात, आणि पाठीला चेहरा लपवता येत नाही, असं माझं मत आहे. त्या दिवशी मात्र एकही पाठ काही बोलली नाही.

वर्ग संपला. पाक दाराशी बूट घालायला वाकले, पाय आत सरकवला आणि थबकले. त्यांनी बूट उलटा केला. आतून घडी घातलेला कापडाचा तुकडा पडला. त्यांचं नाव त्यांच्याच टाचेखाली ठेवलेलं होतं.

२

“शैलजा-सान, तुम्ही कागद वाचता,” पाक म्हणाले. आमचं बोलणं जपानीत चालतं, दोघांचंही तोडकंमोडकं. क्रीडाकेंद्राबाहेरच्या बाकावर बसून त्यांनी खिशातून एक पत्र काढलं. मूळ पत्र त्यांच्या भाषेत होतं आणि खाली इंग्रजी तर्जुमा.

पत्र त्यांच्या परंपरेच्या, जावातल्या बांडुंग शहरातल्या वडीलधाऱ्यांचं होतं. त्यांना कुणीतरी निनावी पाकिटातून एका जुन्या वहीच्या पानाचा फोटो पाठवला होता. पान पाकच्या अक्षरात. ‘माझे वडील, तासिकमलायाचे सुहेंदर, यांनी मला सगळं शिकवलं. अबाह विर्या यांना मी जन्मात तीनदाच भेटलो.’ अबाह विर्या हे कापडावरचं सहावं नाव; ‘अबाह’ हा तिकडे वडीलधाऱ्यांना लावायचा मान. पाक आयुष्यभर सांगत आले होते की आपण त्यांचे शिष्य. पान खरं असेल, तर ते साफ खोटं ठरत होतं. पुढच्या रविवारी दोन वडीलधारे तोक्योला येणार होते. पाकना उत्तर देता आलं नाही, तर त्यांचं नाव परंपरेतून जाणार होतं.

“हे तुम्ही लिहिलंय?”

“नाही.”

“मग तसं सांगा. प्रश्न मिटला.”

“ते विचारतील, सुहेंदर कोण?” पाक म्हणाले. मी वाट बघत बसले. त्यांनी पत्राची घडी घातली, खिशात ठेवली आणि रस्त्याकडे बघत राहिले. मला ते गप्प बसणं अजिबात आवडलं नाही. खऱ्या माणसानं असं गप्प बसू नये, असं तेव्हा मला वाटलं. आज त्याची लाज वाटते.

शेवटी त्यांनी तोंड उघडलं. “कापडाच्या डब्याला तीन किल्ल्या आहेत. मोरिता, प्रसन्न, यामिनी. तिघांकडे माझ्या हातच्या टिपणांचे गठ्ठे आहेत. तिघांनाही मी मुलं मानलं. कुणी केलं ते मला कळायला नको. पण माझं नाव जायला नको. माझ्याकडे दुसरं काही नाही.”

एवढं ऐकल्यावर घरी जाऊन वरण-भात लावणं मला शक्य नव्हतं.

३

मोरिता-सान सगळ्यात जुने. बासष्ट वर्षांचे, निवृत्त, एकटे. पंधरा वर्षं सिलात शिकतायत. हॉलचं बुकिंग, विम्याचे कागद, पाकच्या भाड्याच्या घराची हमी, सगळं तेच बघतात. मंगळवारी सकाळी त्यांच्या इमारतीखाली गाठले, तर ते प्लास्टिकच्या बाटल्यांची लेबलं सोलून वेगळी ठेवत होते. शेजाऱ्यांच्या बाटल्यांचीसुद्धा.

“कापड आता कुणाकडे जाणार होतं, ठाऊक आहे?” मी विचारलं.

“यामिनी-सानकडे. डिसेंबरात.” त्यांनी एक लेबल नीट घडी करून पिशवीत टाकलं. “पाकनी मला आधी सांगितलं. माझी परवानगी विचारली नाही, पण आधी सांगितलं.”

“यामिनी आठ वर्षं शिकतेय. तुम्ही पंधरा.”

“तिचं अंग माझ्यापेक्षा चांगलं चालतं,” ते म्हणाले. “आमच्याकडे आधी आला त्याचा नंबर आधी. त्यांच्याकडे तसं नसेल.” मग कमरेत वाकून मला नमस्कार केला आणि बाटल्यांकडे वळले.

प्रसन्नला बुधवारी जेवणाच्या सुट्टीत तोयोसुला गाठलं. तिथल्या उंच इमारतींच्या सावलीत कालव्याकाठी डबे खाणारी आपली पुष्कळ मुलं दिसतात. हा पुण्याचा, अडतीस वर्षांचा, बोलायला गोड आणि घाईचा.

“ताई, माझ्यावर डाउट असणार, आय नो,” तो म्हणाला. “मला पुण्यात क्लास काढायचाय, हे मी कधी लपवलं नाही. पण त्यासाठी मला पाकचं नाव हवंय. नाव कापून माझा काय फायदा?”

“पाकचं नाव गेलं तर यामिनीचंही जातं. मग तू थेट बांडुंगहून सर्टिफिकेट आणायला मोकळा. त्यांच्याशी तुझं मेल-मेल चालतं ना?”

तो जरा वरमला. “चालतं. चौकशी केली होती. पाकना सांगितलं नाही, ती चूक झाली. पण ताई, पाकना पुण्याला न्यायचं मीच काढलं होतं ना? तुम्ही फॉर्म भरून ठेवलेत, मी कोथरूडला हॉल बघून ठेवला, आणि कोरोना आला. ते वर्कशॉप झालं असतं, तर आज मला कुणाकडे चौकशी करायची वेळच आली नसती.”

यामिनी पाळणाघरात काम करते. तिच्याकडे गेले, तेव्हा मुलं झोपली होती आणि ती बारके मोजे जोड्या लावून ठेवत होती. तिला काही विचारावं लागलंच नाही.

“शैलाताई, मला ते कापड नको,” ती म्हणाली. “पाकना सांगणार होते, धीर झाला नाही. आता सांगितलं तर वाटेल मीच कापलं. काल मी जेवण घेऊन गेले होते. परवाचा डबा तसाच होता. पाणी पितात आणि भिंतीकडे तोंड करून बसतात. रविवारपर्यंत हा माणूस राहील ना हो?”

मी सरळ पाकच्या घरी गेले.

४

खोली लहान, थंड. पाक खरंच भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी नेलेल्या पेजेला हात लावेनात. मला रागच आला.

“उपाशी राहून नाव परत शिवलं जात नाही,” मी म्हणाले. “सुहेंदर कोण ते सांगा. तुमचे वडील ना? वाईट होते का? चोर होते? असू देत. इथे कोण ओळखतं त्यांना?”

पाक माझ्याकडे वळले. “सुहेंदर मी,” ते म्हणाले. “ओदिह मीच आणि सुहेंदरही मीच. आमच्याकडे नावात बापाचं नाव नसतं. ही दोन्ही नावं अबाह विर्यांनी ठेवली. बाजारात भाजीच्या टोपल्यांमागे मी त्यांना सापडलो. दोन-तीन वर्षांचा असेन. माझा बाप कोण, आई कोण, कुणालाच ठाऊक नाही. आज तुम्हांला पहिल्यांदा सांगतोय.” त्यांनी पेजेचा वाडगा जवळ ओढला, पण प्यायले नाहीत. “रविवारी ते विचारतील. मला बाप नाही हे चारचौघांत सांगावं लागेल. नाही सांगितलं, तर अबाहही माझे राहणार नाहीत.”

लोकांना आई-बाप असतात, आजे-पणजे असतात. या माणसाला ते एक कापड होतं.

खाली रस्त्यावर आले आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. ते पान लिहिणाऱ्यानं सुहेंदरला पाकचा बाप केला होता. इंडोनेशियातला कुणी हे करणार नाही. जपानी माणूसही नाही. त्यांच्यात आडनाव असतं, बापाचं नाव लावत नाहीत. स्वतःच्या नावापाठोपाठ बापाचं नाव लावायची सवय आमची. नाव दिसलं की पुढचा शब्द बापाचा धरणारा माणूस आमच्यातलाच असणार. म्हणजे यामिनी किंवा प्रसन्न. यामिनीला कापड नकोच होतं. उरला प्रसन्न.

गुरुवारी संध्याकाळी मी त्याला यामिनीसमोर बोलावलं आणि तोंडावर सांगितलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

प्रसन्नचा चेहरा पडला. त्यानं वाद घातला नाही. “ताई, माझी आई गेली तेव्हा मी इथे होतो, जाता आलं नाही,” तो हळू म्हणाला. “तेव्हा पाक माझ्याकडे तेरा दिवस येऊन बसले होते. तुम्हांला माहीत नसेल.” त्यानं डब्याची किल्ली यामिनीच्या हातात दिली आणि निघून गेला.

५

शुक्रवारी पत्र परत वाचायला घेतलं, ते खरं तर स्वतःचं समाधान करून घ्यायला. आणि एका शब्दापाशी अडकले. तासिकमलाया.

बाप कोण ते चूक झालं, समजलं. पण गाव? पाकच्या तोंडून हे गाव कधीच ऐकलं नव्हतं. त्यांचं गाव वेगळं. मग लिहिणाऱ्यानं नेमकं हेच कुठून आणलं? आणि मला ते इतकं ओळखीचं का वाटत होतं?

आठवलं, तेव्हा हातातला चहा तसाच राहिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

दोन हजार वीसचा फेब्रुवारी. पाकच्या भारताच्या व्हिसाचा अर्ज मी संगणकावर भरला होता. त्यात वडिलांचं नाव लिहिल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. मी विचारलं, पाक गप्प बसले. ऐकू आलं नसेल, असं मला वाटलं. मला रकाना रिकामा ठेवता येत नाही, तो माझा रोग आहे. मी बेधडक लिहून टाकलं, सुहेंदर. पुढे वडिलांचं जन्मस्थान. नकाशात बघितलं, एक नाव म्हणायला छान वाटलं, ते ठोकून दिलं. तासिकमलायाचा सुहेंदर हा माणूस जगात कधी जन्मलाच नव्हता. त्याला मी जन्माला घातलं होतं, आणि तो फक्त त्या एका अर्जात राहत होता.

अर्ज पुढे पाठवलाच गेला नाही. प्रसन्ननं तो पाहिला नाही, यामिनीनं पाहिला नाही. फोटो चिकटवून सही घ्यायला मी त्याची एकच प्रत काढली होती आणि ती एकाच माणसाच्या हातात दिली होती.

शनिवारी सकाळी मोरिता-सानच्या घराची घंटा वाजवली. त्या वर्षाचे कागद बघायचेत, म्हणाले. त्यांनी एका शब्दानं का ते विचारलं नाही. भिंतभर फाइली, पाठीवर वर्षं लिहिलेली. त्यांनी नेमकी फाइल काढून माझ्यापुढे ठेवली आणि चहा करायला आत गेले. अर्ज तिथेच होता. वडिलांच्या रकान्याशेजारी पेन्सिलीची बारीक खूण होती.

मान वर केली, तर ते चहाचा ट्रे घेऊन माझ्या अगदी मागे उभे होते. पंधरा वर्षं सिलात शिकलेल्या माणसाची पावलं वाजत नाहीत.

“तो अर्ज तुम्ही भरलात, शैलजा-सान,” ते म्हणाले. “मी फक्त वाचला.”

मी चहा न पिता निघाले.

६

रविवारी दोन पाहुणे आले, दोघेही सत्तरीपुढचे. त्यांच्याबरोबर दुभाषा तरुणी होती. हॉलच्या मधोमध कापड अंथरलं होतं, भोकासकट. पाक समोर बसले. यामिनी त्यांच्या शेजारी. मोरिता-सान आपल्या नेहमीच्या जागी, पहिल्या रांगेत उजवीकडे. मला वाटलं होतं ते येणार नाहीत. प्रसन्नला मी दहा वेळा फोन केला होता, उचलला नव्हता. पण तो आला आणि दाराजवळ टेकला.

थोरल्या पाहुण्यानं फोटो पुढे ठेवला. “हा सुहेंदर कोण?”

पाक काही बोलायच्या आत मी उभी राहिले. गुडघे कुरकुरले.

“आधी एक राहिलंय,” मी म्हणाले. “प्रसन्न, मी तुझ्यावर घाणेरडा आळ घेतला. सगळ्यांसमोर माफी मागते.”

“ताई, आधी पाकचं बघा,” तो दारातून म्हणाला. अजून रागावलेला होता, आणि त्याचं बरोबर होतं.

मग मी अर्ज काढला. काल येताना तो मी उचलून आणला होता. मोरिता-साननी अडवलं नव्हतं. सगळं सांगितलं. आमच्याकडे नावापुढे बापाचं नाव येतं, म्हणून मी सुहेंदरला बाप केलं. गाव मला आवडलं, म्हणून तासिकमलाया केलं. “हे पान पाकनी लिहिलं असतं, तर त्यात माझं थापेचं गाव आलं नसतं. ज्यानं लिहिलं त्याला वाटलं, अर्जातली माहिती पाकनीच दिलीय, म्हणजे खरी असणार. हा अर्ज एकाच माणसाकडे होता.”

मी नाव घेतलं नाही. घ्यावं लागलं नाही. मोरिता-सान पुढे सरकले, दोन्ही हात जमिनीवर टेकले आणि कपाळ चटईला लावलं.

“पान मी लिहिलं,” ते म्हणाले. “नाव मी कापलं. बुटात मी ठेवलं.”

“का?” यामिनीनं विचारलं. तिचा आवाज फाटला होता.

“पंधरा वर्षं मी सगळ्यात आधी येतो आणि सगळ्यात शेवटी जातो. कापड तुझ्याकडे जाणार होतं. मला वाटलं, परंपराच खोटी निघाली, तर निदान मला डावललं असं होणार नाही.”

धाकटा पाहुणा पाककडे वळला. “म्हणजे सुहेंदर तुझा बाप नव्हे. मग तुझा बाप कोण?”

यालाच पाक आठवडाभर घाबरले होते. मी परत उठायला गेले, त्यांनी हातानं बसवलं.

“मला बाप नाही,” ते म्हणाले. “अबाहना मी बाजारात सापडलो. त्यांनी खायला घातलं, नाव दिलं, हे शिकवलं. त्याच्या आधीचं मला काही नाही.”

थोरल्या पाहुण्यानं फोटो उचलला. मग म्हणाला, “टोपल्यांमागचं पोर. अबाह सांगायचे आम्हांला. नाव सांगत नसत; म्हणायचे, पोराला लाज वाटेल.” आणि त्यानं तो फोटो फाडला.

यामिनी रडत होती. मीही. पण पाकचं अजून संपलं नव्हतं.

“कापडाला खाली जोड लावा,” ते म्हणाले. “माझं नाव परत शिवा. त्याच्याखाली यामिनी आणि मोरिता.”

मोरिता-साननी डोकं वर केलं. थोरल्या पाहुण्यानं पुढे झुकून म्हटलं, “ओदिह, नाव नुसतं शिवलं जात नाही, तुला माहीत आहे. गावी दर वर्षी ही नावं मोठ्यानं म्हणतात. प्रत्येकानं काय केलं तेही म्हणतात.”

“माहीत आहे.”

“याचं काय म्हणायचं?”

“जे केलं ते,” पाक म्हणाले. “पंधरा वर्षं शिकला. गुरूचं नाव कापून त्याच्या टाचेखाली ठेवलं.”

मोरिता-सान पुन्हा वाकले. “माझं नाव नको,” ते म्हणाले. “कृपा करा. काढून टाका मला. पोलिसांकडे द्या. लिहू नका.”

“तू माझ्याकडे शिकलास,” पाक म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. “ते मला कापता येत नाही.”

यामिनीनं डोळे पुसले आणि पिशवीतून सुई-दोरा काढला. आधी तिनं पाकचं नाव जागेवर धरलं आणि टाके घालायला घेतले. पाहुणे शेजारी बसून बघत होते. कुणी मोरिता-सानकडे बघत नव्हतं.

पाच वाजता हॉल रिकामा करायचा होता. पावणेपाचला मोरिता-सान उठले आणि नेहमीप्रमाणे चटया गुंडाळायला लागले. दर रविवारी चार-पाच जण त्यांच्या मदतीला धावतात. त्या दिवशी सगळे आपापल्या जागी खिळून उभे राहिले. चटई लांब असते, एकट्याला सरळ गुंडाळता येत नाही, तिरकी जाते. ती तिरकी गेली. त्यांनी उलगडली, पुन्हा सुरुवात केली.

त्यांनी केलं त्याला माझ्याकडे क्षमा नव्हती, आजही नाही. पण तो खोटा बाप त्यांना मीच पुरवला होता. मी जाऊन चटईचं दुसरं टोक धरलं.